माळ्यावरचा वेताळ: जुनी कॉमिक्स आणि त्यांचे चित्रकार कसे शोधावेत

नाशिकच्या पंचवटीतला आमचा वाडा पाडायचा ठरला, तेव्हा माळा शेवटचा साफ केला. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या आणि लग्नपत्रिकांच्या खाली, सतरा इंद्रजाल कॉमिक्स निघाली. बहुतेकांची मुखपृष्ठं गेलेली. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’, लगेच ओळखू आला, पण त्याला कागदावर उतरवणाऱ्याचं नाव एकाही अंकावर दिसेना. त्या दिवसापासून मी एक मानतो: विसरलेली गोष्ट सापडली की काम निम्मंच होतं. ती कुणाच्या हातची, हे कळलं की मग पूर्ण होतं.

सुरुवात घरातूनच करा, आणि वस्तूंआधी माणसांपासून. साठीच्या काका-मामांना ‘तुमच्याकडे जुनी कॉमिक्स आहेत का?’ असं विचारलं तर ‘छे, कधीच रद्दीत गेली’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ‘लहानपणी वेताळ वाचायचात का?’ मग कवटीची अंगठी आठवते, भाड्याने कॉमिक्स देणारा दुकानदार आठवतो, भावाशी झालेली मारामारी आठवते, आणि शेवटी एक पेटीही आठवते. गोदाकाठच्या घरांमधले कागद १९६९ आणि २००८च्या पुरांनी बरेच नेले. म्हणून काठावरून वेळेत सिडकोला किंवा कॉलेज रोडला राहायला गेलेल्या नातेवाइकांकडे आधी जा.

मग बाजार. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आणि आपल्या भागातले रद्दीवाले, दोन्हींकडे चकरा माराव्या लागतात. एका फेरीत काही मिळत नाही. रद्दीवाल्याला वेताळाचं एक चित्र दाखवून ठेवा, ‘असलं काही आलं तर बाजूला ठेवा’ म्हणा आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे पैसे द्या. परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दी जास्त निघते, तेव्हा फेऱ्या वाढवा. पुठ्ठ्यात बांधलेले, पाठीवर काहीच न लिहिलेले गठ्ठे जरूर उघडून बघा. त्या काळी मुलं आठ-दहा अंक एकत्र बाइंड करून घेत. १८४० साली सुरू झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत कॉमिक्सपेक्षा जुनी नियतकालिकं मागा. चित्रमालिका त्यांतही येत असत.

अंक हाती आला, पण मुखपृष्ठ नाही. काळ कसा ठरवायचा? इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे होते. जादूगार मँड्रेक, अंतराळात भटकणारा फ्लॅश गॉर्डन, गुप्तहेर रिप किर्बी ही मंडळी नंतर आली. अगदी सुरुवातीच्या अंकांत चित्रकथा सोळाच पानांची असे, बाकीची पानं इतर मजकुराची. आणि कुर्ता-जीन्समधला भारतीय नायक बहादूर दिसला, तर अंक १९७६ किंवा त्यानंतरचा.

आता खरं काम, हात ओळखण्याचं. मला यात सगळ्यात जास्त आनंद मिळतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वेताळ आणि मँड्रेक दोघेही अमेरिकन लेखक ली फॉक यांचे मानसपुत्र. मँड्रेक १९३४चा, वेताळ १९३६चा. पण चित्रं काढणारे बदलत गेले. विल्सन मॅकॉय यांचा वेताळ सरळ, जाड रेषेतला, जवळजवळ भाबडा. १९६१ मध्ये मॅकॉय गेले आणि साय बॅरी आले. त्यांच्या जंगलात सावल्या दाट आहेत, स्नायू घोटीव आहेत. मँड्रेक १९६४ पर्यंत फिल डेव्हिस यांचा, पुढे फ्रेड फ्रेडरिक्स यांचा. रिप किर्बी अ‍ॅलेक्स रेमंड यांनी निर्माण केला. १९५६ मध्ये ते मोटार अपघातात गेल्यावर जॉन प्रेंटिस यांनी तो पुढे नेला.

तुलना करताना चेहऱ्यांवर विसंबू नका. नव्या चित्रकाराला जुन्याचेच चेहरे काढावे लागतात, त्यामुळे चेहरा फसवतो. हाताची बोटं, कपड्यांच्या चुण्या, झाडांची पानं, काळ्या शाईचे भरीव भाग पाहा. तिथे माणूस स्वतःसारखाच काढतो. शंका असेल तर ज्याचा चित्रकार नक्की माहीत आहे असा अंक शेजारी ठेवा आणि भिंग घ्या.

मुखपृष्ठ वेगळं तपासा, कारण आतली चित्रं अमेरिकेतली असली तरी सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली होती. बहादूर तर सगळाच आपल्याकडचा: कल्पना आबिद सुरती यांची, चित्रं ब्राह्मणियांची. ‘धर्मयुग’ या हिंदी साप्ताहिकातल्या व्यंगचित्रांचे ढब्बूजीही सुरतींचेच. असा एक धागा हाती लागला की दुसरीकडचं काम आपोआप उजेडात येतं.

अमर चित्र कथेत हे सोपं आहे, कारण लेखक-चित्रकारांची नावं बहुधा आतच छापलेली असतात. आपण ती वाचत नाही, एवढंच. इंद्रजालच्या उभारणीत असलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही माला सुरू केली. तिच्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला, आणि ‘टिंकल’ या मुलांच्या मासिकातला सुपंडीही त्यांच्याच हातचा. प्रताप मुळीक यांनी इथे पौराणिक-ऐतिहासिक कथा रंगवल्या आणि पुढे हिंदी कॉमिक्समधला नायक नागराजही काढला. ही आपली मराठी माणसं. घरात त्यांची चित्रं पाहत तीन पिढ्या वाढल्या आणि नावं मात्र ठाऊक नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अंक जपायचे तर चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या पिना नखाने हळूच उचलून काढा आणि तिथे सुती दोरा ओवा. ओलाव्याने चिकटलेली पानं ओढू नका. कसर लागलेला अंक इतरांपासून वेगळा ठेवा. ट्रंक हिवाळ्याच्या कोरड्या हवेत उघडा, सावलीत वारा द्या, ऊन दाखवू नका. फोटो खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता काढा.

एक वही करा: कथेचं नाव, पात्र, अंदाजे साल, लेखक, चित्रकार, अंक कुठे मिळाला आणि ओळख कशावरून पटली. शेवटचा रकाना कधी सोडू नका, अंदाज असेल तर तसंच लिहा. अख्खा अंक मात्र इंटरनेटवर चढवू नका. भारतात लेखक-चित्रकाराचा स्वामित्वहक्क साधारणपणे त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे अंक १९६४चा आहे म्हणून तो सर्वांना मोकळा झाला असं होत नाही. चर्चेपुरती एखादी चौकट दाखवा आणि खाली नाव लिहा.

माझ्या सतरापैकी चौदा अंकांपुढे आता चित्रकाराचं नाव आहे. उरलेल्या तिघांची पहिली पानंच नाहीत. त्यांतल्या एकावर भाड्याच्या लायब्ररीचा जांभळा शिक्का आहे, अर्धा पुसलेला. ‘नाशिकरोड’ एवढंच वाचता येतं. येत्या रविवारी तो अंक घेऊन मी तिथल्या जुन्या दुकानदारांकडे जाणार आहे.