फोटोवरून हॉवरफ्लाय ओळखताना: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी

हॉवरफ्लाय, म्हणजे फुलांजवळ हवेत एका जागी तरंगणाऱ्या माश्या, शोधायला मोलेच्या जंगलातच जायला हवं असं नाही. अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्या, आंब्याचा मोहोर, पावसानंतर फुललेला कातळाचा सडा, शेताच्या बांधावरची एकदांडी, कुठेही त्या सकाळच्या उन्हात भेटतात. फोटो सहज मिळतो, पण ओळखीच्या खुणा त्यात आल्यात का ते बघावं लागतं.

रंगावरून नाव ठरवू नका. काळे-पिवळे पट्टे मधमाशीलाही असतात आणि गांधीलमाशीलाही. त्यातून एपिसिर्फससारख्या हॉवरफ्लायचा कोष थंडीत वाढला, तर ती जास्त काळपट निघते.

आधी पंख मोजा. मधमाशीला चार, माशीला दोन. मग पंखाच्या मधोमध झूम करा. तिथे एक लांबट, पुसट रेघ दिसते, दोन्ही टोकांना कुठल्याही शिरेला न जोडलेली. ही खोटी शीर म्हणजे हॉवरफ्लायची सगळ्यांत भरवशाची खूण. स्टोमोऱ्हायना नावाच्या माशीच्या डोळ्यांवर पट्टे असतात, म्हणून ती कायम एरिस्टालायनस ही हॉवरफ्लाय म्हणून खपते. पण तिला खोटी शीर नसते आणि तोंड पुढे आलेलं असतं.

पंखात पुढच्या बाजूच्या एका लांब शिरेकडेही पाहा. ती खाली खोल कमान घेत असेल तर एरिस्टालायनस, फायटोमिया, मेसेम्ब्रियस यांपैकी काही असू शकतं. पंखाच्या पुढच्या कडेजवळचा लांबट कप्पा टोकाला उघडा असेल तर मेसेम्ब्रियस. बंद असेल आणि डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असतील तर एरिस्टालायनस. शीर जवळजवळ सरळ आणि पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या खंडावर एक जाड, एक बारीक अशी काळ्या पट्ट्यांची जोडी असेल तर एपिसिर्फस. इस्चिओडॉन या हॉवरफ्लायच्या नराला मागच्या पायाच्या मुळाशी बारीक काटा असतो. तो बाजूने, जरा खालून घेतलेल्या फोटोतच दिसतो.

म्हणून एका माशीचे निदान तीन फोटो हवेत: पंख उघडे असताना वरून, बाजूने आणि समोरून. समोरच्या फोटोत नर-मादी कळते. बहुतेक नरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात. शटर १/५०० किंवा त्याहून जलद ठेवा. फ्लॅशवर बटर पेपर लावा, नाहीतर छातीवरच्या धुरकट रेघा चकाकीत जातात. मोबाइल असेल तर डिजिटल झूम टाळा, सावली न पाडता हळूहळू जवळ जा आणि एका वेळी बरेच फोटो घ्या. जागा, तारीख आणि फुलाचं नाव त्याच दिवशी लिहून ठेवा.

पॅरागससारख्या चिमुकल्या हॉवरफ्लायला प्रजातीचं नाव देऊ नका, जीनसवर (जवळच्या प्रजातींच्या गटाच्या नावावर) थांबा. तिच्या बऱ्याच प्रजाती नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत.