गेल्सबर्गला घर घेताय? आधी रूळ बघा

इलिनॉयमधलं गेल्सबर्ग तीसेक हजार वस्तीचं. इथे नुसतं भाडं आणि स्वयंपाकघर बघून करारावर सही करू नका. एकदा रात्री अकरानंतर त्या घरापाशी जाऊन उभे राहा. गावातल्या रेल्वे यार्डात मालगाड्यांचे डबे एका उंचवट्यावर ढकलून सोडतात, तिथून ते उतारावर घरंगळत आपापल्या रुळाला लागतात. त्यांना आवरणारे ब्रेक चाकं पकडतात तेव्हा जी किंकाळी उठते, ती झोप मोडते. फाटकाआधीचा भोंगा वेगळा: दोन लांब, एक आखूड, एक लांब. नियमानुसार तो 15 ते 20 सेकंद आधी वाजवायचा असतो, त्यामुळे ड्रायव्हरवर चिडून उपयोग नाही.

मालगाड्या मैलभर लांबीच्या. कामावर जायचा पुलावरून किंवा पुलाखालून जाणारा एक रस्ता पाठ ठेवाच. मोटार रुळांवर बंद पडली तर सामान सोडा, सगळे खाली उतरा आणि लांब व्हा. आगगाडी दिसत असेल तर ती येतेय त्या बाजूला, पण रुळांपासून तिरकं पळा. धडकेचे तुकडे पुढच्या बाजूला उडतात. मग फाटकावरच्या निळ्या पाटीवरच्या नंबरावर फोन करून तिथलाच फाटक क्रमांक सांगा.

शिकागोला सकाळी जाऊन रात्री परतायचं तर क्विन्सीहून येणारी इलिनॉय झेफर ही गाडी धरा. कॅलिफोर्निया झेफरही इथे थांबते, पण दोन हजारांवर मैल तुडवून येणारी ती गाडी कधीकधी तासन्‌तास उशिरा येते. तिच्या भरवशावर विमान गाठायला निघू नका.

गाव मात्र रेल्वेने वसवलेलं नाही. 1837 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन गेल हे पाद्री न्यूयॉर्क राज्यातून मंडळी घेऊन आले ते कॉलेज काढायला, आणि मंडळी गुलामगिरीच्या कट्टर विरोधातली. रुळ आले 1854 मध्ये. त्याच नॉक्स कॉलेजच्या ओल्ड मेन इमारतीपाशी 7 ऑक्टोबर 1858 रोजी सिनेटच्या जागेसाठी लढणाऱ्या अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचा पाचवा जाहीर वादविवाद झाला. इमारत अजून उभी आहे, पहिल्याच आठवड्यात बघून या.

कवी कार्ल सँडबर्ग 1878 मध्ये इथल्याच तीन खोल्यांच्या घरात जन्मले. वडील रेल्वेच्या कारखान्यात लोहाराच्या हाताखाली. सँडबर्ग यांच्या नावाचीही एक गाडी इथून धावते. आणि आपल्या जत्रेतला आकाशपाळणा? 1893 च्या शिकागो प्रदर्शनात तो 264 फुटी उभा करणारे जॉर्ज फेरिस जन्मले इथेच, 1859 मध्ये. लहानपणीच नेवाडाला गेले, तरी गाव त्यांना आपलंच म्हणतं.