शिकागोच्या थंडीत काचेच्या बागेत कॅमेरा नेताना

शिकागोच्या ग्रीन लाइन लोकलच्या ‘कॉन्झर्वेटरी–सेंट्रल पार्क ड्राइव्ह’ स्टेशनवर उतरलं की गारफील्ड पार्क कॉन्झर्वेटरी जवळच आहे. उद्यानरचनाकार जेन्स जेन्सनने आखलेली ही १९०८ची काचबाग गवताच्या गंजीसारखी गोलसर दिसते. वेळा आणि तिकिटाचे नियम बदलतात, तेवढे निघण्याआधी पाहून घ्या.

जानेवारीत बाहेर उणे १० अंश आणि आत दमट उकाडा, त्यामुळे आत शिरताच चष्मा आणि लेन्स पांढरी पडते. आतली हवा २४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरली, तर सुमारे १८ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. गारठलेली लेन्स पुसून उपयोग नाही, दोन सेकंदांत पुन्हा धुरकटते. वर रुमालाचे ओरखडे पडतात ते वेगळेच.

उपाय पिशवीचा. बाहेरच, आत शिरण्यापूर्वी, कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि घट्ट बंद करा. दव पिशवीवर धरेल, कॅमेऱ्यावर नाही. मग ३० ते ४५ मिनिटं पिशवी उघडायची नाही. मोठी लेन्स असेल तर तासभरसुद्धा. मध्येच ‘एकच फोटो’ म्हणून उघडली की सगळं मुसळ केरात. चष्म्याला मात्र पिशवीची गरज नाही, पाचेक मिनिटांत तो आपोआप निवळतो.

तोवर कोट आणि स्वेटर काढून हातात घ्या आणि नुसतं फिरा. घामेजून बाहेर पडलात तर स्टेशनवर हुडहुडी भरते. ‘शुगर फ्रॉम द सन’ दालनात ऊस, केळी आणि कोको दिसतात. गावाकडून आलेले आईबाबा उसापाशी हमखास थांबतात. पिशवी उघडायला निवडुंगांचं दालन उत्तम, कारण तिथली हवा कोरडी असते.

नेच्यांचं दालन शेवटी ठेवा. दारातून खाली पाण्याकडे पाहत काढलेला फोटो सर्वांत छान येतो. आत उजेड कमी असतो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ८०० ते १६०० ठेवा. दगड ओले असतात, तेव्हा गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

परतताना कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड आधीच काढून खिशात ठेवा आणि कॅमेरा पुन्हा पिशवीत बंद करा. घरात शिरताना तोच प्रकार होतो, आणि फोटो बघायची घाई झाली की पिशवी उघडली जाते.