सिग्नलचा नंबर शब्दांत छापण्याआधी

चाइल्ड प्रोसेस (आपल्या प्रोग्रामने सुरू केलेली दुसरी प्रोसेस) कुठल्या सिग्नलने, म्हणजे तिला मिळालेल्या कुठल्या नंबरी इशाऱ्याने मेली ते लॉगमध्ये शब्दांत हवं असेल तर नंबराचं वर्णन देणारं सी भाषेतलं स्ट्रसिग्नल आहेच. हेडर मात्र स्ट्रिंग डॉट एच, सिग्नल डॉट एच नव्हे.

आता खरं काम. चाइल्ड संपण्याची वाट बघणाऱ्या वेटपिड फंक्शनने भरून दिलेला स्टेटस म्हणजे सिग्नलचा नंबर नव्हे. प्रोसेस सिग्नलने मेली का ते आधी डब्ल्यूइफसिग्नल्ड या मॅक्रोला विचारा, ते हो म्हणालं तरच डब्ल्यूटर्मसिगने नंबर काढा आणि तो स्ट्रसिग्नलला द्या. मागच्या वेळी मी स्टेटस थेट दिला. माझ्या मशीनवर प्रोसेस मुद्दाम पाडली, तर झकास ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ छापून आलं, कारण तिथे कोअर डंप (मरताना प्रोसेसची मेमरी फाइलमध्ये लिहिणं) बंद होता आणि स्टेटस योगायोगाने ११ च होता. सर्व्हरवर कोअर डंप चालू. कोअर पडला की लिनक्स स्टेटसमध्ये १२८ चा बिट लावतो. ११ चे झाले १३९ आणि लॉगभर ‘अननोन सिग्नल १३९’. त्यात शेलही सिगसेगव्हसाठी (म्हणजे याच सेगमेंटेशन फॉल्टच्या ११ नंबरसाठी) १२८ अधिक ११ असा १३९ च दाखवतो, म्हणून अर्धा दिवस मी शेलच्याच मागे लागलो होतो. एक्झिट १ करून स्वतःहून बाहेर पडलेल्या प्रोसेसचा स्टेटस २५६ असतो. तिला कुठला आलाय सिग्नल! तेव्हा डब्ल्यूटर्मसिग. आणि तपासताना कोअर डंप चालू ठेवूनच तपासा, नाहीतर चूक दिसणारच नाही.

नंबरांचा तक्ता हाताने लिहू नका. १० म्हणजे नेहमीच्या इंटेल लिनक्सवर सिगयूझर१, मॅकवर सिगबस. जुन्या कोडमधला सिस_सिगलिस्ट हा सिग्नलच्या वर्णनांचा तक्ताही काढा, ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३२ पासून नवा प्रोग्राम त्याच्याशी लिंक होत नाही.

हँडलरच्या (सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनच्या) आत स्ट्रसिग्नल नको, प्रिंटएफ तर नकोच. आत फक्त फ्लॅग लावा, बाहेर येऊन छापा. आतच हवं असेल तर ग्लिबसी २.३२ मधलं सिगडिस्कर_एनपी चालतं, पण अनोळखी नंबरला ते नल देतं, तेवढं बघा.

मिळालेली स्ट्रिंग जपून ठेवायची तर कॉपी करा, पुढचा कॉल तिच्यावर लिहू शकतो. सेटलोकेल केलं असेल तर मजकुराची भाषा बदलेल, त्यावर ग्रेप लावू नका. सिगआरटीमिन (रिअल-टाइम सिग्नलांचा पहिला नंबर) ग्लिबसीत स्थिरांक नाही, स्विचच्या केसमध्ये बसत नाही.

बाकी मॅन पेजमध्ये आहे. डब्ल्यूटर्मसिग लावलं ना? कोड उघडून बघा, आठवणीवर जाऊ नका.