ऑडॅसिटीत लॅपटॉपचा आवाज धरायचा, तर आधी माईकचा बंदोबस्त करा

मी परभणीत घरी बसून ऑडिओची कामं करते. ऑनलाइन व्याख्यानं रेकॉर्ड करून साफ करणं, संशोधन करणाऱ्यांच्या मुलाखती ऐकून लिहून काढणं, एखाद्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेच्या फायली व्हॉट्सॲपवर पाठवण्याजोग्या करणं. या कामात नव्यानं उतरलेली लातूर-नांदेडकडची पोरं-पोरी मला फोन करतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "ताई, लॅपटॉपमध्ये जे वाजायलंय तेवढंच रेकॉर्ड कसं करायचं?"

त्यासाठी मी ऑडॅसिटी वापरते, म्हणजे आवाज रेकॉर्ड आणि साफ करायचं सॉफ्टवेअर. ती इन्स्टॉल कशी करायची, रेकॉर्डिंगचं लाल बटण कुठं असतं, हे मी सांगत बसत नाही. तेवढं तुम्हाला येतंय असं धरते. फक्त ती तिच्या मूळ साइटवरूनच उतरवा. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं. कुणी "फुल व्हर्जन" म्हणून पैसे मागत असेल किंवा सोबत आणखी तीन गोष्टी इन्स्टॉल करायला लावत असेल, तर ती खिडकी तिथंच बंद करा.

आता मुख्य भानगड. लॅपटॉपच्या स्पीकरवर व्याख्यान चालू आहे. तुम्ही लाल बटण दाबलं. पडद्यावर निळी लाट हलायला लागली. वक्ता बोलला की लाट उंच, थांबला की सपाट. माणूस निर्धास्त होतो, चहा टाकायला उठतो. पण ती लाट माईकची असते. स्पीकरमधून निघालेला आवाज खोलीत फिरून लॅपटॉपच्याच माईकमध्ये परत शिरलेला असतो. येताना पंखा, कुकरची शिट्टी, गल्लीतला भंगारवाला असं सगळं लटांबर सोबत घेऊन येतो. लाट बघून यातलं काहीच कळत नाही. लाटेला काय, आवाजाशी मतलब. तो कुठून आला हे ती सांगत नाही.

माझ्या बाबतीत हे एका १७ सप्टेंबरला झालं. मुक्तिसंग्राम दिनाचं ऑनलाइन व्याख्यान होतं, वक्ते वयस्कर, आणि रेकॉर्डिंग माझ्याशिवाय कुणीच करत नव्हतं. फाइल ऐकून आयोजक गुरुजींचा फोन आला, "बाई, भाषण कमी अन् तुमचा पंखाच जास्त ऐकू यायलाय." पुढं मी नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करायची ऑडॅसिटीतली सोय, मारत बसले. त्याचा उपयोग एका मर्यादेपर्यंतच. जास्त दिलं की माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. पंखा गेला, पण शब्दांची टोकंही गेली. "हैदराबाद" कुठं संपलं आणि "संस्थान" कुठं सुरू झालं, तेच कळेना.

म्हणून काम सुरू करायच्या आधी दर वेळी एक चाचणी करा. दर वेळी म्हणजे दर वेळी, काल बरोबर चाललं होतं तरी आज करा. हेडफोन लावा, म्हणजे खोलीत आवाजच येणार नाही. लॅपटॉपवर काहीतरी वाजवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. आता लॅपटॉपजवळ जोरात टाळी वाजवा. टाळीबरोबर लाटेत काटा उभा राहिला, तर तुम्ही माईक रेकॉर्ड करताय. टाळीचा पत्ताच नाही आणि लाट फक्त वाजणाऱ्या आवाजावर हलतेय, तर काम बरोबर चाललंय. नंतर तेवढाच तुकडा ऐकून बघा. डोळ्यांनी नाही, कानांनी. पाच मिनिटं पण लागत नाहीत, आणि तरी नव्यातले बरेच जण हे करत नाहीत, कारण व्याख्यान सुरू व्हायला दोन मिनिटं उरलेली असताना ऑडॅसिटी उघडतात.

चाचणीत माईक निघाला तर घाबरू नका. विंडोजवर ऑडॅसिटीच्या ऑडिओ सेटअपमध्ये जा. होस्ट म्हणजे ऑडॅसिटी विंडोजकडून आवाज कोणत्या पद्धतीनं घेते ते. तिथं बहुधा एमएमई (MME) दिसेल. त्याजागी विंडोज वासापी (Windows WASAPI) निवडा. मग रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या यादीत स्पीकरच्या नावापुढं कंसात लूपबॅक (loopback) लिहिलेलं दिसेल, म्हणजे स्पीकरकडं जाणारा आवाज माईकशिवाय आतल्या आत धरणारी सोय, ते घ्या. एमएमईवर असेपर्यंत लूपबॅक हा शब्द यादीत येतच नाही, त्यामुळं "माझ्या लॅपटॉपमध्ये ती सोय नाही" असं म्हणून पुष्कळ जण परत फिरतात. सोय असते. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, केबल लागत नाही.

पण लूपबॅक दोन-तीन दिसले तर? तुम्हाला आवाज ज्या वाटेनं ऐकू येतोय, त्याच वाटेचा लूपबॅक निवडायचा. गोल पिनेचे साधे हेडफोन बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्पीकरच्याच नावाखाली चालतात, तिथं काही बदलावं लागत नाही. यूएसबी किंवा ब्लूटूथवाले मात्र वेगळं डिव्हाइस म्हणून येतात. तुम्ही ऐकताय ब्लूटूथवर आणि लूपबॅक धरलाय स्पीकरचा, तर फाइलमध्ये शुद्ध शांतता येईल. आणि हेडफोन ऑडॅसिटी उघडल्यानंतर जोडले असतील तर यादीत ते दिसणारच नाहीत. त्यासाठी ऑडिओ सेटअपमध्येच डिव्हाइस परत शोधायचं रीस्कॅन आहे, ते दाबा.

सॉफ्टवेअर प्लेथ्रू नावाचा एक पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो बंद पाहिजे. तो चालू राहिला तर रेकॉर्ड होणारा आवाज परत स्पीकरकडं जातो, तिथून परत रेकॉर्ड होतो, आणि एका वाक्याची दहा वाक्यं ऐकू येतात.

लूपबॅकचा आणखी एक स्वभाव आहे. लॅपटॉपमध्ये काहीच वाजत नसेल तर लाल बटण दाबूनही रेघ पुढं सरकत नाही. हँग झालं म्हणून पोरं पटापटा बटणं दाबायला लागतात. हँग झालेलं नसतं, ते आवाजाची वाट बघत थांबलेलं असतं. व्हिडिओ सुरू केला की रेघ चालायला लागते. पण यातून एक पंचाईत होते. मध्येच व्हिडिओ थांबला, तर तेवढा वेळ फाइलमधून गायबच होतो. आपल्याकडं लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो. दहा मिनिटांनी इंटरनेट आलं, तर रेकॉर्डिंगमध्ये आधीचं आणि नंतरचं वाक्य एकमेकांना चिकटलेलं सापडू शकतं. लिहून काढताना वेळेचे आकडे द्यायचे असतील तर हा घोळ फार छळतो. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या एखाद्या प्लेअरमध्ये नुसत्या शांततेची लांब फाइल वाजत ठेवायची. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण रेघ थांबत नाही.

स्टीरिओ मिक्सबद्दल विचारतात, म्हणजे लॅपटॉपमध्ये वाजणारा आवाज रेकॉर्डिंगला देणारं विंडोजमधलं जुनं डिव्हाइस. जुन्या व्हिडिओंमध्ये तेच सांगितलेलं असतं. साउंड सेटिंगच्या रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये उजवं क्लिक करून बंद डिव्हाइस दाखवले की ते कधी सापडतं, कधी नाही. सापडलं तर वापरा, नाही तर शोधत बसू नका, वासापी आहे. लिनक्सवर मॉनिटर नावाचा स्रोत निवडला की झालं. मॅकवर ब्लॅकहोलसारखा फुकट ड्रायव्हर टाकावा लागतो. माझ्याकडं मॅक नाही आणि परभणीत या कामाच्या कमाईवर तो लवकर येईल असंही दिसत नाही.

आता मुलाखतीवाल्यांसाठी. हे नीट वाचा, कारण इथं गेलेली मुलाखत परत मिळत नाही. लूपबॅक फक्त लॅपटॉपमधून बाहेर पडणारा आवाज धरतो. ऑनलाइन कॉलवर समोरच्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं स्वतःचं येत नाही. म्हणजे फाइलमध्ये उत्तरं येतील, प्रश्न एकही येणार नाही. आणि ऑडॅसिटी एका वेळी एकाच डिव्हाइसवरून रेकॉर्ड करते. माईकही घ्या आणि लूपबॅकही घ्या, असं तिला सांगता येत नाही.

कॉल झूमवर असेल आणि मीटिंगचे होस्ट, म्हणजे ती बोलावणारे, तुम्हीच असाल, तर हा खटाटोप करूच नका. झूमच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये प्रत्येकाच्या आवाजाची वेगळी फाइल ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. ते जमत नसेल तर मी असं करते: लॅपटॉपवर लूपबॅक, आणि बाजूला फोनचा साधा रेकॉर्डर, माझ्या आवाजासाठी. सुरुवातीला समोरच्यांना म्हणायचं, "काका, जरा एक-दोन-तीन म्हणा." तेवढ्यापुरता हेडफोनचा एक कान फोनजवळ धरायचा. ते एक-दोन-तीन दोन्ही फायलींत येतं आणि नंतर ऑडॅसिटीत एकाखाली एक लावताना तीच खूण धरायची. तासाभराच्या मुलाखतीत शेवटाकडं दोन्ही थोडं पुढं-मागं होतं, तिथं एखादा तुकडा सरकवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण जमतं.

ब्लूटूथ हेडसेट कॉलवर वापरू नका. त्याचा माईक चालू झाला की विंडोज त्याला फोनच्या कॉलसारख्या अवस्थेत नेतं आणि समोरच्याचा आवाज चपटा, ट्रंककॉलसारखा येतो. तोच फाइलमध्ये उतरतो. चांगल्यातल्या ब्लूटूथपेक्षा वायरचे साधे हेडफोन या कामाला बरे. साउंडच्या कम्युनिकेशन्स नावाच्या टॅबमध्येही एकदा डोकवा. कॉल चालू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं तिथं आधीपासून ठरवलेलं असतं. त्याला 'काहीच करू नका' करून टाका. आणि व्हॉट्सॲप वेब बंद. लूपबॅक सगळंच धरतो, त्यामुळं श्रद्धांजलीच्या सभेत तुमच्या मावशीच्या मेसेजची टुणुक ऐकू येते.

आवाजाची पातळी लाल व्हायला लागली तर व्हिडिओच्या प्लेअरमधला आवाज कमी करा. टॅब म्यूट मात्र करू नका, फाइलपण मुकी होईल.

शिकवणाऱ्यांविषयी माझं मत थोडं कडू आहे. रिमोटनं तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरून भराभरा सगळं लावून देणारा दादा भला माणूस असतो, पण पुढच्या विंडोज अपडेटनंतर डिव्हाइसची नावं बदलली की तुम्ही परत त्याच्याच दारात. त्याला म्हणा, "दादा, तुम्ही फक्त बोला, माउस माझ्या हातात राहू द्या." एका क्लिकवर रेकॉर्ड करणारी ॲप्स मला पटत नाहीत. चालतात तोवर चालतात, बिघडली की कुठं बिघडली ते कळत नाही. आणि महिन्याभराचा सर्टिफिकेट कोर्स घेऊ का, असं कुणी विचारलं तर मी थेट नको म्हणते. आजवर मला एकाही गिऱ्हाइकानं सर्टिफिकेट विचारलेलं नाही. नमुन्याची फाइल विचारतात.

तरी यातलं एकही काम अवघड नाही. मला सुरुवातीला रात्र-रात्र झोप यायची नाही, उद्याचं रेकॉर्डिंग नीट होईल का म्हणून. आता टाळी वाजवली की निवांत होते.

फायलींचं थोडक्यात. ऑडॅसिटीत सेव्ह केल्यावर जी एयूपी३ फाइल बनते ती गिऱ्हाइकाच्या फोनवर वाजत नाही, ती एक्स्पोर्ट करून वेव्ह (WAV) किंवा एमपी३ करावीच लागते. स्टीरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे ६३५ एमबी होते, नुसत्या बोलण्याची ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ तासाला २९ एमबीच्या आसपास. व्याख्यानाला तेवढी पुरते, गाण्या-भजनाला नाही. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वक्त्याची आणि आयोजकाची परवानगी आधी मेसेजवर लिहून घ्या, फोनवरच्या "घ्या की हो" वर जाऊ नका. मूळ वेव्ह फाइल पैसे येईपर्यंत आणि त्यानंतरही महिनाभर पुसू नका, कारण "आमच्याकडून डिलीट झाली हो ताई, परत पाठवता का?" हा फोन येतोच.