जुन्या कागदी शेअर्ससाठी बँकेतून सही अटेस्ट करून घेताय? या चुका टाळा

कपाट आवरताना टिस्को नाहीतर एसीसीची जुनी सर्टिफिकेटं सापडली की दोन दिवस घरात सगळे खूष असतात. मग कोणीतरी आरटीएला, म्हणजे कंपनीच्या रजिस्ट्रारला, विचारतं आणि उत्तर येतं की सही जुळत नाही, आयएसआर-२ हा सहीच्या खात्रीचा फॉर्म भरून बँकेतून अटेस्ट करून पाठवा. आणि इथे बहुतेक जण पहिलंच काम उलटं करतात, कोरा कागद घेऊन १९९२ सालची सही गिरवायला बसतात.

अहो, ती सही परत यायला हवी असती तर हा फॉर्म काढलाच कशाला असता? आपल्याकडे हे फार होतं, बाबा तेव्हा मराठीत पूर्ण नाव लिहून सही करायचे, मग बँकेत, ऑफिसात इंग्रजीत एक फराटा मारायची सवय लागली, आता हात कापतो म्हणून तोही फराटा बदलला. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला हे माहीत आहे. आयएसआर-२ मध्ये बँक एवढंच सांगते की या माणसाची आजची सही आमच्या रेकॉर्डला आहे तशीच आहे आणि हा आमचा खातेदार आहे. त्यामुळे फॉर्मवर सही करायची ती बँकेत आहे ती, सर्टिफिकेटवरची नाही. गिरवलेली सही ना बँकेच्या रेकॉर्डला जुळते ना आरटीएच्या, आणि दोन्हीकडून फॉर्म परत येतो.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे बँकेतलं रेकॉर्ड आधी न बघणं. खातं ८५ साली उघडलेलं असेल तर बँकेतही तीच मराठी सही पडून असते, आणि व्यवहार सगळे एटीएम आणि यूपीआयवर चालतात त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. काउंटरवर जाऊन नुसतं विचारा, माझी स्पेसिमेन, म्हणजे नमुना सही स्क्रीनवर कशी दिसते? वेगळी असेल तर आधी बँकेत सही अपडेट करा, सिस्टीममध्ये चढली का ते बघा आणि मगच आयएसआर-२ काढा. हा क्रम उलटा झाला की मॅनेजर नाही म्हणणार, आणि त्याचं चूक नाहीये हो, सही खोटी निघाली तर त्यालाच उत्तर द्यायचं असतं.

आता फॉर्म. प्रिंट काढून घरूनच सही करून नेऊ नका, कारण बरेच मॅनेजर समोर सही केल्याशिवाय हात लावत नाहीत. फोटो लागतो, खातं नंबर लागतो, खातं कधी उघडलं ती तारीखही लागते, आणि ही तारीख कोणाला पाठ नसते, ती पासबुकच्या पहिल्या पानावर किंवा बँकेच्या सिस्टीममध्ये मिळते. खाली बँकेचा भाग असतो तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मॅनेजर सही करतो, गोल शिक्का मारतो आणि फॉर्म तुमच्या हातात देतो, तुम्ही थँक्यू म्हणून बाहेर पडता, आणि त्याचं नाव, एम्प्लॉयी कोड, ईमेल या जागा कोऱ्याच राहिलेल्या असतात. अशा फॉर्मला आरटीए हमखास ऑब्जेक्शन काढते. तेव्हा खुर्चीतून उठायच्या आधी तिथल्या तिथे सगळ्या जागा बोट ठेवून बघा. आणि शिक्का सहीच्या अंगावर बसला असेल, स्कॅनमध्ये सही वाचता येत नसेल, तर लाजू नका, दुसरी प्रत पुढे करा. दोन कोरे प्रिंट बरोबर न्यायचे ते यासाठीच.

बँकेच्या लेटरहेडवर मॅनेजरने सही ओळखतो असं लिहून दिलं म्हणजे झालं, असंही काही जणांना वाटतं. फॉर्म ठरलेला आहे, त्यातच हवं. आणि पतसंस्थेत ओळखीचा चेअरमन असला तरी पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथला शिक्का इथे उपयोगाचा नाही. नोटरीचाही नाही, नोटरी आपल्यासमोर सही झाली एवढंच सांगतो, त्याच्याकडे तुमच्या सहीचं रेकॉर्ड कुठे असतं?

फॉर्मबरोबर कॅन्सल चेक लागतो, तो ओरिजिनल. झेरॉक्स चालत नाही. चेकवर नाव छापलेलं हवं, कित्येक जुन्या सेव्हिंग खात्यांना बिननावाचं चेकबुक मिळतं, मग पासबुकाची किंवा स्टेटमेंटची प्रत बँकेकडून अटेस्ट करून घ्या, ती चालते. चेकवर नुसतं कॅन्सल लिहा, खाली सही ठोकायची गरज नाही.

जॉइंट होल्डर असतील तर प्रत्येकाची सही वेगळी अटेस्ट व्हायला हवी. आईबाबा दोघांच्या नावावर शेअर्स आहेत आणि फक्त बाबांचा फॉर्म गेला, हे नेहमीचं. दोघांतलं कोणी आता हयात नसेल तर त्यांच्या सहीचा प्रश्नच उरत नाही, तिथे मृत्यूचा दाखला देऊन नाव कमी करायचं काम आहे, आयएसआर-२ फक्त जे आहेत त्यांचा.

आता नावाची भानगड, ही खरी आपल्याकडची. सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, आणि लग्नात नावही बदललं असेल तर कागदावर ती बाई दोन वेगळ्या व्यक्ती! सही अटेस्ट झाली तरी ही गाठ तशीच राहते, कारण बँक आजच्या नावाची सही ओळखते आणि आरटीएच्या वहीत दुसरंच नाव असतं. लग्नाचा दाखला किंवा गॅझेट आधी शोधून ठेवा. स्पेलिंगमधला किरकोळ फरक असेल तर तो ओळखपत्रांच्या सेल्फ अटेस्टेड प्रतींवर निभतो, त्यासाठी घाबरायचं कारण नाही.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, सहीत थोडासाच फरक असेल तर आयएसआर-२ लागतच नाही. आरटीए तुम्हाला स्पीड पोस्टने कळवते की सहीत किरकोळ फरक दिसतोय, १५ दिवसांत हरकत घ्या, नाहीतर काम पुढे जातं. ते पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं की मात्र बँकेची पायरी चढावीच लागते. म्हणून पत्ता, मोबाईल, पॅन, बँक ही केवायसी आयएसआर-१ या वेगळ्या फॉर्ममध्ये नीट भरा. केवायसी अपुरी असलेल्या कागदी फोलिओंना, म्हणजे कंपनीकडच्या शेअर खात्यांना, १ एप्रिल २०२४ पासून डिव्हिडंड नुसता अडकून राहतो, आणि ७ वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही की शेअर्सही आयईपीएफ या सरकारी फंडात जातात, तिथून सोडवणं हे वेगळंच पुराण आहे.

भावाच्या नावावर ट्रान्सफर डीड भरून मोकळं होऊ, असा विचार असेल तर तो सोडा. १ एप्रिल २०१९ पासून लिस्टेड कंपन्यांचे कागदी शेअर्स तसे ट्रान्सफर होत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदी शेअर्स इलेक्ट्रॉनिक करून घेणं, मग काय ते. म्हणजे डीमॅट खातं आधी उघडून ठेवा आणि त्यातली नावं, नावांचा क्रम सर्टिफिकेटसारखाच ठेवा.

ज्यांचे शेअर्स अमेरिकन कंपनीचे आहेत, नोकरीत मिळालेले वगैरे, आणि आता पुण्यात परत आलेत, त्यांचा मामला निराळा. तिथे मेडॅलियन गॅरंटी, म्हणजे सहीची हमी देणारा शिक्का लागतो. हा नुसता शिक्का नाही, सही खोटी निघाली तर गॅरंटी देणारी बँक भरपाई देते, म्हणून ती आपल्या खातेदाराशिवाय कोणाला सहसा देत नाही आणि शेअर्सच्या किमतीचं ताजं स्टेटमेंट मागते. शिक्क्यावरच्या अक्षरावरून मर्यादा ठरते, झेड म्हणजे १ कोटी डॉलरपर्यंत, डी म्हणजे अडीच लाख डॉलरपर्यंत. किंमत त्याहून जास्त असेल तर शिक्का असून नसल्यासारखा. अमेरिकन वकिलातीत नोटरी मिळते, मेडॅलियन मिळत नाही, तिथे अपॉइंटमेंट घेऊन दिवस घालवू नका. अमेरिकेतलं बँक किंवा ब्रोकरचं खातं बंद करायच्या आधीच हे काम उरकलेलं बरं.

बँकेत जाताना होम ब्रँच गाठा. सही कुठल्याही शाखेत दिसते पण दुसऱ्या शाखेचा मॅनेजर जबाबदारी का घेईल? महिन्याचा पहिला आठवडा पेन्शनचा, मार्च एंड तर विसराच. आणि आमच्याकडे असलं काही करत नाही असं उत्तर आलं तर भांडू नका, सेबीच्या परिपत्रकाची प्रिंट समोर ठेवा, काम बऱ्याचदा तिथेच होतं. तक्रार करायची वेळ आली तर बँकेची सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर करून उपयोग नाही, स्कोअर्स आरटीए आणि कंपनीसाठी आहे.

पाठवताना पाकिटावरचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवरून तपासा, आरटीए बदलतात, लिंक इनटाइम आता एमयूएफजी इनटाइम झालंय. नुसती केवायसी आणि सही अपडेट करताय तर ओरिजिनल सर्टिफिकेटं पाकिटात घालायची गरज नाही, ती घरीच राहू द्या.