आमदारांकडून विधिमंडळात आरोग्याचा किंवा रस्त्याचा प्रश्न कसा विचारून घ्यावा

आधी रस्ता कुणाचा ते बघा. एनएच ६६ (मुंबई-गोवा) राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे त्याचा मूळ विषय केंद्राचा. तो खासदारांकडे न्या. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, गावातले बहुतेक रस्ते जिल्हा परिषदेचे. इथेच चूक झाली तर प्रश्न भलत्याच विभागाकडे जातो आणि अधिवेशन संपतं.

आरोग्याचं मोजमाप सोपं. डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३ हजारांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. मंजूर पदं किती, भरलेली किती, हे माहिती अधिकारात मागवा: शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. आकडा हातात आल्याशिवाय आमदारांकडे जाऊच नका.

मग मसुदा, सभागृहाच्या साच्यातच: "अमुक केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ते भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?" गावाचं नाव आणि पद रिक्त झाल्याची तारीख घालाच. "कोकणात आरोग्यसेवा कोलमडली" असं मोघम लिहिलंत की सरकारचं उत्तर ठरलेलं: "हे खरे नाही." काम फत्ते, त्यांचं.

तारांकित (तोंडी उत्तराच्या) प्रश्नावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. पावसात घाट खचला, रुग्णवाहिका अडकली, असं तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना, म्हणजे सभागृहात मंत्र्यांचं त्या विषयाकडे थेट लक्ष वेधणं.